पूल बद्द वाजतो तेव्हा

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. यात्रा आटोपून हीच माणसे सोलापूर–धुळे महामार्गाने धाराशिवकडे, बीडकडे किंवा बार्शी–कळंब रस्त्याने घरी परततात. वाटेत किती ओढ्यांवरचे पूल लागले, हे कुणी मोजत नाही. त्या प्रत्येक पुलाचा स्लॅब मुळात चुनखडीतूनच आलेला असतो. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी मातीबरोबर सुमारे १४५० अंशांवर भाजतात. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेल्या चुन्याचे सिमेंट होते. पूल उभा राहिल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा काँक्रीटमध्ये शिरू लागतो आणि त्यातल्या चुन्याची हळूहळू चुनखडी करतो. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या भागात पुलांच्या पोटातले बरेचसे दुखणे इथून सुरू होते.

काँक्रीटमधली सळई सहसा गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटच्या छिद्रांमधले पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो. अशा पाण्यात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच तिला सांभाळतो. कार्बन डायऑक्साइड आत सरकत जातो तसा सामू नऊच्या आसपास उतरतो. ही हद्द सळईपर्यंत पोचली की तिचे संरक्षण संपते. मग थोडी ओल आणि थोडा प्राणवायू मिळाला की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते आणि घट्ट काँक्रीटमध्ये ती मिळत नाही. दाब वाढत जातो, एका सळईपासून शेजारच्या सळईपर्यंत आडवी चीर जाते आणि स्लॅबचा वरचा किंवा खालचा पापुद्रा आतल्या आत सुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला स्लॅब अखंडच दिसतो. पापुद्रा गळून पडतो आणि सळई उघडी दिसते, तोवर आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

कार्बन डायऑक्साइडची ही चाल वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पहिल्या ५ वर्षांत तो १० मिलिमीटर आत गेला, तर पुढचे १० मिलिमीटर जायला आणखी १५ वर्षे लागतात. त्यामुळे सळईवरचे काँक्रीट, म्हणजे कव्हर, किती जाड आहे यावर पुलाचे आयुष्य ठरते. ४० मिलिमीटर कव्हर हवे तिथे २० च मिळाले, तर संरक्षणाचा काळ निम्मा नव्हे, चौथाई होतो. आणि कव्हर कमी पडायला मोठा घोटाळा व्हावा लागत नाही. ओतकामाच्या वेळी कुणाचा पाय पडून कव्हर ब्लॉक सरकला, जाळी खाली बसली, इतकेही पुरते. हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे कोणते यंत्र कुठे लावायचे, हे त्यावरच ठरणार आहे.

किनाऱ्यावर प्रकार वेगळा असतो. तिथे मीठ येते. क्लोराइडला सामू उतरण्याची वाट पाहावी लागत नाही, ते सळईवरचा थर थेट एखाद्या जागी भेदते. पणजीच्या मांडवी नदीवरचा पूल १९७० च्या सुमारास सुरू झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला. त्यातल्या ताणलेल्या पोलादी केबल खाऱ्या हवेत आतल्या आत गंजल्या होत्या. सोळा-एक वर्षांचा पूल म्हणजे पुलांच्या हिशेबात तरुणच. ठाणे खाडीवरच्या पहिल्या वाशी पुलाच्या केबलनाही असाच गंज लागला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाला पुढे बाहेरून केबल ताणून आधार द्यावा लागला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला. अमेरिकेत समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या पुलांनाही मीठ लागते, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला तिथे रस्त्यावर मीठच टाकतात. स्लॅब तपासायची बहुतेक वेगवान यंत्रे त्या मिठाच्या त्रासातून जन्माला आली आहेत. मीठ वरून येते, म्हणून ती यंत्रेही पुलाच्या वरून फिरतात.

तपासणीची सगळ्यात जुनी रीत हातोड्याची. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसाच हा प्रकार. अखंड काँक्रीटवर हातोडी मारली की आवाज खणखणीत येतो आणि पापुद्रा सुटलेल्या जागी बद्द येतो. अमेरिकेत यासाठी जाड साखळ्यांचा झुपका काठीला बांधून स्लॅबवरून ओढतात. चालणारा माणूस कान देऊन ऐकत जातो आणि आवाज बदलला की खडूने रेघ मारतो. साधन स्वस्त आहे, आणि अनुभवी कान खरोखर चांगला असतो. पण त्याच्या मर्यादा समजायच्या तर हा आवाज कसा तयार होतो, ते थोडे सावकाश पाहावे लागेल.

ठोका बसला की काँक्रीटमध्ये दाबाची लहर निघते. चांगल्या काँक्रीटमध्ये ती सेकंदाला साधारण ४ किलोमीटर वेगाने जाते. २० सेंटिमीटर जाड स्लॅबमध्ये ती तळाशी पोचते, तिथल्या हवेवर आपटून परत वर येते, पुन्हा खाली जाते. अशा येरझाऱ्या सेकंदाला साडेनऊ हजारांच्या आसपास होतात. म्हणजे धडधाकट स्लॅबचा स्वतःचा एक ठराविक सूर असतो, आणि जाडी माहीत असली तर तो आधीच काढून ठेवता येतो. स्लॅबच्या मध्यावर, १० सेंटिमीटरवर चीर असली तर लहर तिथूनच परतते. वाट निम्मी होते आणि सूर दुप्पट चढतो, एकोणीस हजारांवर जातो. इतका उंच सूर तरुण कानाला कसाबसा ऐकू येतो. पन्नाशीच्या निरीक्षकाला तो येणारच नाही, आणि शेजारून ट्रक जात असेल तर कुणालाच येणार नाही.

मग बद्द आवाज कुठून येतो? चीर अगदी वर, तीन-चार सेंटिमीटरवर असली की सुटलेला पातळ पापुद्रा ठोक्याने वर-खाली लवतो. हे लवणे सावकाश असते, सेकंदाला एक ते पाच हजार वेळा, आणि माणसाचा कान याच पट्ट्यात तीक्ष्ण असतो. याचा अर्थ असा, की साखळी आणि हातोडी ज्या पापुद्र्याचे बोलणे ऐकवतात तो आधीच बराच सुटलेला असतो. नुकती सुरू झालेली आणि खोलवरची चीर त्यांच्यापुढे गप्प राहते.

ही उणीव भरून काढायला १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानके संस्थेत निकोलस कारिनो आणि मेरी सॅन्सलोन यांनी इम्पॅक्ट-एको ही पद्धत बसवली. पोलादाची छोटी गोळी स्लॅबवर आपटायची, शेजारी ठेवलेल्या संवेदकाने कंप टिपायचा आणि त्यात कोणता सूर ठळक आहे हे संगणकाने काढायचे. साडेनऊ हजार आला तर स्लॅब ठीक. एकोणीस हजार आला तर मध्यावर चीर. दोन हजार आला तर वरचाच पापुद्रा सुटलेला. पद्धत नेमकी आहे, पण हळू आहे. १० मीटर रुंद, ३० मीटर लांब असा एक गाळा घ्या आणि दर ६० सेंटिमीटरवर एक बिंदू तपासा. साडेआठशे बिंदू होतात. प्रत्येकाला १० सेकंद धरले तरी एका गाळ्याला जवळपास अडीच तास लागतात. पाच गाळ्यांचा पूल म्हणजे पूर्ण दिवस, आणि तोवर एक लेन बंद.

लेन बंद, हे लिहायला सोपे आहे. येरमाळ्याच्या चौकात महामार्ग आणि बार्शी–कळंब रस्ता एकमेकांना छेदतात. गाळप हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या, नवरात्रात तुळजापूरला निघालेले भाविक, चैत्रात यात्रा. कोणत्या आठवड्यात लेन बंद करायची? आणि लेन बंद करून रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या तपासणी करणाऱ्यांना भरधाव ट्रकचा धोका असतोच. तपासणी वेगवान करण्याची सगळी धडपड खरे तर इथून सुरू होते. यंत्राची अचूकता पुष्कळ आहे. कमी पडते ती रस्ता अडवायची मुभा.

वेग वाढवायची पहिली वाट म्हणजे तीच ठोकाठोक यंत्रावर चढवणे. संवेदक स्लॅबला चिकटवायच्या ऐवजी पृष्ठभागाजवळ मायक्रोफोन धरला, तर थांबायची गरज उरत नाही. चाकांच्या गाड्यावर ओळीने ठोके देणारी साधने आणि तितकेच मायक्रोफोन बसवले की एका फेरीत रुंद पट्टा तपासून होतो. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ब्रायन माझेओ आणि स्पेन्सर गथ्री यांनी गोळीच्या जागी चक्क पाण्याचे थेंब वापरून पाहिले. थेंब पडतो, ठोका देतो आणि वाहून जातो. त्याला परत उचलायचे नसते, त्यामुळे गाडी चालती ठेवता येते. मला ही कल्पना मनापासून आवडते, एक तर स्वस्त म्हणून आणि दुसरे म्हणजे तिच्यात बिघडण्यासारखे फार काही नाही म्हणून. रटगर्स विद्यापीठात नेनाद गुचुन्स्की यांच्या चमूने याच्या दुसऱ्या टोकाचा प्रयोग केला. त्यांनी एका स्वयंचलित गाड्यावर इम्पॅक्ट-एको, रडार, विद्युतरोध मोजणारी साधने आणि कॅमेरे असे सगळेच बसवले. तो गाडा स्लॅबवर आपापला फिरतो आणि नकाशा काढून देतो. माणसांच्या चमूपेक्षा तो कितीतरी झपाट्याने काम करतो, पण त्यालाही लेन मोकळी करून द्यावी लागते.

दुसरी वाट उष्णतेची आहे, आणि ती मराठवाड्याच्या हवामानाला साजेशी आहे. उन्हात स्लॅब तापतो आणि ती उष्णता खाली झिरपते. आत चीर असेल तर तिच्यातला हवेचा पातळ थर उष्णतेला अडवतो. वरचा पापुद्रा एकटाच तापतो आणि आजूबाजूपेक्षा एक ते तीन अंश जास्त गरम दिसतो. अवरक्त कॅमेऱ्यात तिथे ठिपका उमटतो. रात्री उलटे होते. खालून ऊब मिळत नाही म्हणून तोच पापुद्रा आधी गार पडतो. मधे दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्हींचे तापमान सारखे होते. त्या वेळी कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाला पूर्ण सडलेला स्लॅबही निरोगी दिसेल. उथळ पापुद्रा दिवसात लवकर दिसतो, खोलवरचा उशिरा, आणि सहा-सात सेंटिमीटरच्या खालचा बहुधा दिसतच नाही. कॅमेरा गाडीच्या टपावर किंवा ड्रोनवर बसवता येतो आणि वाहतुकीबरोबरच पूल ओलांडता येतो.

या पद्धतीला कडक ऊन, कोरडा पृष्ठभाग आणि शांत वारा हवा. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिव जिल्ह्यात दिवस चाळिशी गाठतात आणि रात्री चांगल्याच उतरतात, म्हणजे तपासणीचा हंगाम आपोआपच ठरतो. फसवणारे घटकही बरेच आहेत. तेलाचा डाग, टायरची काळी पट्टी, कठड्याची सावली, कालच्या दुरुस्तीचे वेगळ्या रंगाचे ठिगळ, हे सगळे कॅमेऱ्यात वेगळे तापलेले दिसतात. म्हणून अवरक्त चित्राशेजारी त्याच क्षणी घेतलेला साधा फोटो असल्याशिवाय कोणत्याही ठिपक्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी वाट रडारची. जमिनीत पाहणारे हे रडार स्लॅबमध्ये रेडिओलहरींचा अगदी छोटा ठोका सोडते. काँक्रीटमध्ये या लहरी नॅनोसेकंदाला साधारण १० सेंटिमीटर जातात. ५ सेंटिमीटर खोल असलेल्या सळईवरून प्रतिध्वनी यायला एक नॅनोसेकंद लागतो. गाडा पुढे सरकत असताना प्रत्येक सळई पडद्यावर एक कमान उमटवते. कमानीचा माथा किती खाली आहे, त्यावरून कव्हरची जाडी कळते. प्रतिध्वनी किती जोरकस आहे, त्यावरून वरचे काँक्रीट कसे आहे याचा अंदाज येतो, कारण ओल आणि मीठ रेडिओलहरी गिळून टाकतात. हातगाड्याचे रडार चालण्याच्या वेगाने काम करते. हवेतून लहर सोडणारे शिंगाच्या आकाराचे अँटेना गाडीला लावले तर महामार्गाच्या वेगानेही मोजणी होते. लेन बंद करावी लागत नाही.

रडारबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, की ते पोकळी ‘दाखवते’. पापुद्र्याखालची चीर बहुधा मिलिमीटरभरही रुंद नसते आणि कोरडी असेल तर रडार तिच्यावरून सरळ निघून जाते. रडार गंज धरण्याजोगी परिस्थिती सांगते. गंजाने फाडलेली जागा ते सांगेलच असे नाही. म्हणून एका पद्धतीवर पूल सोपवता येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हेमार्केट इथल्या एका पुलावर वेगवेगळ्या चमूंना आपापली यंत्रे घेऊन बोलावले होते. सगळे दोष पकडणारे एकही यंत्र तिथे निघाले नाही. जे एकाला दिसत होते, ते दुसऱ्याला दिसत नव्हते.

आता आपल्या पुलांकडे या. इथे एक अडचण आहे आणि परदेशी यंत्रांच्या जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो. अमेरिकेत पुष्कळ पुलांचा स्लॅब उघडा असतो, चाके थेट काँक्रीटवर चालतात. आपल्याकडे स्लॅबवर डांबरी थर असतो. महामार्गांवरच्या पुलांसाठी ४० मिलिमीटर डांबरी काँक्रीट आणि २५ मिलिमीटर मॅस्टिक अस्फाल्ट अशी रीत आहे. जुन्या पुलांवर तर नूतनीकरणाच्या नावाखाली थरावर थर चढलेले असतात. साखळी या डांबरावरून ओढली की ती डांबराचाच आवाज सांगते. उष्णतेच्या कॅमेऱ्यात डांबर स्लॅबपासून सुटलेली जागा आणि स्लॅबच आतून सुटलेली जागा सारखीच दिसते. इम्पॅक्ट-एको डांबरावरून चालते, पण डांबर गार आणि कडक असतानाच. दुपारी मऊ झालेले डांबर ठोका पिऊन टाकते. म्हणजे एकाच पुलावर एका यंत्राला मे महिन्यातली दुपार हवी आणि दुसऱ्याला डिसेंबरातली पहाट. सळईचा विद्युतदाब मोजून गंजाची शक्यता सांगणारी हाफ-सेलची चाचणीही उघडे, ओलसर काँक्रीट मागते. डांबरातून सहज पार जाते ते रडार एवढेच.

शिवाय दुखण्याचे मूळही वेगळे आहे. येरमाळ्याच्या पुलांवर कुणी मीठ टाकत नाही आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. स्लॅबची वरची बाजू डांबराने झाकलेली असते, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतो तो प्रामुख्याने खालून आणि बाजूंनी. तळ कोरडा, सावलीत आणि हवेला कायम उघडा असतो. ५० ते ७० टक्के आर्द्रतेत काँक्रीटमधली ही क्रिया सगळ्यात वेगाने चालते. तळाचेच कव्हर कमी पडलेले असते, कारण ओतताना जाळी खालीच बसते. आणि पाणी येते ते एक्स्पान्शन जॉइंटमधून आणि तुंबलेल्या पाणी-निचऱ्याच्या पाइपांच्या कडेने. काही ठिकाणी स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात. पाण्याबरोबर बाहेर आलेला चुना हवेशी मिळून तिथे चुनखडी होऊन बसतो. पांढऱ्यात तांबूस रेघ मिसळली असेल तर सळईही बोलू लागली आहे.

म्हणून मला वाटते, आपल्या कोरड्या जिल्ह्यांत ही यंत्रे उलटी करावी लागतील, म्हणजे पुलाखालून वापरावी लागतील. वरून रडारची एक वेगवान फेरी घ्यावी. पण तिच्यातून मिठाचा नकाशा शोधू नये. डांबराची जाडी, वरच्या सळईची खोली आणि ओल कुठे साठली आहे एवढेच घ्यावे. तळाशी मात्र हातात धरायचे कव्हरमीटर किंवा छोटे रडार फिरवून कव्हरचा नकाशा करावा. जिथे कव्हर पातळ निघेल तिथे काँक्रीटचा छोटा टवका काढून ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडावे. निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि ज्याचा चुना चुनखडी झाला ते रंगहीन राहते. रंगहीन पट्टी किती जाड आणि कव्हर किती जाड, या दोन आकड्यांवरून वर्गमुळाचा हिशेब मांडला, की सळईपर्यंत पोचायला किती वर्षे उरली याचा अंदाज निघतो. ही चाचणी काही मिनिटांची असते, खर्च किरकोळ येतो आणि एकही ट्रक थांबवावा लागत नाही. मराठवाड्यातले बहुतेक ओढे उन्हाळ्यात कोरडे असतात, त्यामुळे पुलाखाली शिडी लावून उभे राहता येते. तेरणा इथून जवळच उगम पावते आणि तीही तेव्हा अंग चोरून असते. मांजरेसारख्या मोठ्या पात्रावर मात्र पुलाच्या कठड्यावरून खाली वळणारा पाळणा असलेली तपासणीची गाडी लागते, आणि तिच्यासाठी लेन अडवावीच लागते. तिथे ड्रोनवरचा अवरक्त कॅमेरा निदान कुठे पाहायचे ते तरी सांगतो. तळाला थेट ऊन लागत नाही, तो दिवसभराच्या गरम हवेनेच तापतो, म्हणून फरक कमी पडतो आणि कॅमेरा चांगल्या प्रतीचा लागतो.

वर्तमानपत्रांत ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चे अहवाल येतात तेव्हा त्यात बहुधा रिबाउंड हॅमरचे आकडे भरलेले असतात. तो हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो. गंमत अशी, की चुनखडी झालेला पृष्ठभाग जास्त कडक असतो. जुन्या, आतून खचत चाललेल्या पुलाचा आकडा त्यामुळे नव्यापेक्षाही बरा येऊ शकतो. असा अहवाल हाती आला तर पहिला प्रश्न विचारावा: कव्हर किती, आणि गुलाबी रंग कुठवर आला? या दोन गोष्टी नसतील तर ते ऑडिट अर्धेच झाले.

आणि या कोणत्याही यंत्राला न दिसणारी दुखणीही आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. तो दगडी कमानींचा होता आणि पूर पायाला भिडला होता. पाण्याखाली पायाजवळची माती किती वाहून गेली, हे वरून फिरणारे रडार सांगत नाही. त्यासाठी पाणबुडे आणि सोनार लागतात. पोकळ नळीत बसवलेल्या ताणलेल्या केबल, म्हणजे मांडवीचा आजार, हाही स्लॅबच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी अवघड विषय आहे. केबलची नळी लोखंडी असेल तर रडार तिच्या आत डोकावू शकत नाही. वेगवान तपासणीचा उपयोग एवढाच, की शंभर पुलांतले कोणते दहा पूल सावकाश तपासायचे हे लवकर कळावे.

२०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली आणि राष्ट्रीय महामार्गांवरच्या मोऱ्या व पूल मिळून दीड लाखाहून अधिक बांधकामांची नोंद घेतली. यादी झाली, हे मोठेच काम. पण तालुक्याच्या रस्त्यांवरचे, जिल्हा परिषदेच्या वाटांवरचे छोटे पूल त्या यादीबाहेर आहेत आणि उसाच्या ट्रॉल्या त्यांच्यावरूनही जातात. सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते पावसाळ्याआधी आणि नंतर पूल पाहतात. त्यांच्या हाती गुलाबी द्रावणाची एक बाटली आणि एक कव्हरमीटर आला, तर परदेशी गाड्याची वाट न पाहताही पुष्कळ काम होईल.

तोवर तुम्हालाही एक करता येईल. उन्हाळ्यात ओढा आटला की गावाजवळच्या पुलाखाली एकदा उतरा आणि तळ पाहा. सळईच्या रेषेत गेलेला तडा, तांबूस ओघळ, तुंबलेला पाइप, कठड्याच्या मुळाशी उगवलेला पिंपळ यांपैकी काही दिसले तर फोटो काढा. रस्त्याचे नाव आणि जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा लिहून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात लेखी द्या. पूल राष्ट्रीय महामार्गावरचा असेल तर १०३३ या क्रमांकावर कळवा. सुटलेल्या पापुद्र्याखाली मात्र उभे राहू नका.